कॅम्पचं ईमेल आलं म्हणजे सिलेक्शन नाही

मुलाला अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या बेसबॉल कॅम्पचं 'खास आमंत्रण' आलंय, म्हणजे कोचची नजर पडली का, असं एका पालकाने विचारलंय. बहुतेक वेळा नाही हो. एनसीएएच्या (तिथल्या कॉलेज खेळांचे नियम ठरवणारी संस्था) नियमाने हे कॅम्प सगळ्यांना खुले ठेवावे लागतात, त्यामुळे तेच ईमेल ढिगाने पोरांना गेलेलं असतं. आमच्या लेकाला आलं त्यात त्याचं नावही चुकलेलं, तरी आम्ही हरखून पैसे भरले आणि चार तास गाडी हाणत गेलो!

शोकेसला (म्हणजे कोचसमोर खेळ दाखवायचा कार्यक्रम) ६० यार्ड धावणं, आपल्या फील्डिंगच्या जागेवरून चार-पाच थ्रो, बॅटिंगचे मोजके बॉल, झालं, बाकी दिवसभर आपण उन्हात खुर्ची टाकून बसायचं (डबा न्या, तिथला हॉटडॉग महाग आणि गार).

डिव्हिजन १ चे, म्हणजे एनसीएएच्या सगळ्यात वरच्या गटातल्या कॉलेजांचे कोच अकरावीच्या आधीच्या १ ऑगस्टपर्यंत मुलाशी रिक्रूटिंगचं (टीममध्ये घेण्याचं) बोलूच शकत नाहीत, तेव्हा नववीतल्या पोराला कोणी भाव दिला नाही म्हणून तोंड पाडू नका. आणि डिव्हिजन ३ या तिसऱ्या गटात खेळाची स्कॉलरशिप नसतेच, तिथे मार्कच कामाला येतात.

मी तर म्हणेन आधी मुलालाच कोचला ईमेल करू दे, व्हिडिओ जोडून, त्याचं नाव घेऊन उत्तर आलं तरच फी भरा.