मदत हवी आहे: टास्मानियातल्या कैद्याचा सुटकेनंतरचा माग

नमस्कार मंडळी. आमच्या सुनेचं माहेर होबार्टचं. तिच्या घराण्यातला एक जण 1834 साली चोरीपायी लंडनच्या ओल्ड बेली या फौजदारी कोर्टात उभा राहिला आणि सात वर्षांच्या शिक्षेवर व्हॅन डीमेन्स लँडला, म्हणजे आजच्या टास्मानियाला, रवाना झाला. खटल्याचा वृत्तांत ऑनलाइन मिळाला. टास्मानियाच्या सरकारी दप्तरात त्याचं वर्तनपत्रकही सापडलं. उंची, गोंदण, दारू पिऊन घातलेला गोंधळ, खाल्लेले फटके, सगळं त्यात आहे. साध्या शेतकऱ्याबद्दलही सरकारने एवढं लिहून ठेवलं नसेल!

गाडी अडते ती 1841 ला, शिक्षा संपल्यावर. लग्नाला सरकारी परवानगी कैदेत असेपर्यंतच लागायची, म्हणून तो धागाही तुटतो. टास्मानियाची जन्म-मृत्यू नोंदणी 1838 च्या अखेरीस सुरू झाली, तिच्यात तो नाही. सुटलेले बरेच कैदी समुद्र ओलांडून मेलबर्नकडे गेले, काहींनी नावं बदलली. पण व्हिक्टोरियाची, म्हणजे मेलबर्न ज्या प्रांतात आहे त्याची, सरकारी नोंदणी थेट 1853 पासूनची.

मग मधली वर्षं शोधायची कुठे? चर्चची दप्तरं, टास्मानियातल्या लॉन्सेस्टन बंदरातून सुटणाऱ्या बोटींच्या उतारू-याद्या, की जुनी वर्तमानपत्रं? मेलबर्नकर मंडळींपैकी कुणी असं काम केलंय का? नाव व्यक्तिगत निरोपात कळवते.