पाणी उकळलं तरी प्रश्न उरतोच

‘हिपॅटायटिस ई (यकृताला सूज आणणारा विषाणूजन्य आजार) दूषित पाण्यातूनच येतो, पाणी उकळलं की मिटलं’ हे म्हणणं अर्धंच बरोबर आहे. या विषाणूचे जनुकप्रकार (जनुकीय रचनेवरून पाडलेले गट) १ आणि २ माणसांतच फिरतात, त्यांच्यापुरतं ते ठीक. ३ आणि ४ मात्र डुकरं, रानडुकरं, हरणं यांच्यात मुक्काम ठोकून असतात (डुक्कर आजारी दिसतही नाही!). जपानमध्ये हरणाचं कच्चं मांस खाऊन काहींना लागण झाली. सुदैवाने उरलेलं मांस फ्रीझरमध्ये होतं. त्यातला विषाणू रुग्णांमधल्या विषाणूशी जुळला. २००३ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

डुकराची कलेजी वरवर परतून भागत नाही. एका प्रयोगात विषाणू पूर्ण निष्क्रिय व्हायला मांसाच्या आत ७१ अंश सेल्सिअस तापमान २० मिनिटं टिकवावं लागलं. अवयव प्रत्यारोपण झालेल्यांनी तर हे फारच गंभीरपणे घ्यावं, त्यांच्यात प्रकार ३ चा संसर्ग जुनाट होऊ शकतो.