इतकी वर्षे खेळूनही न कळलेल्या खुब्या: तुमच्या वाट्याला कोणत्या आल्या?

शहापूरकर (बेळगाव)

नमस्कार मंडळी. २००३ ते २००६ या काळात आम्ही चौघे मित्र टिळकवाडीतल्या एका सायबर कॅफेत, तासाला पंधरा रुपये मोजून, ‘एज ऑफ एम्पायर्स २’ हा राज्य उभारून लढाया करायचा संगणकावरचा खेळ खेळत असू. नंतर नोकरी आणि संसारात ते सुटले. यंदा दिवाळीला पुण्याहून आलेल्या भाच्याने माझ्या लॅपटॉपवर त्या खेळाची नवी आवृत्ती घालून दिली आणि खेळता खेळता त्याने एक अगदी साधी गोष्ट केली: टाऊन सेंटर (गावाची मुख्य इमारत, जिथे व्हिलेजर म्हणजे कामकरी गावकरी तयार होतात) निवडले आणि समोरच्या झाडावर माऊसचे उजवे बटण दाबले. त्यानंतर तयार झालेला प्रत्येक व्हिलेजर बाहेर पडताच थेट त्या झाडाशी गेला आणि लाकूड तोडू लागला. मी त्याला थांबवून तेच पुन्हा करून दाखवायला सांगितले. ही नव्या आवृत्तीतली सोय असावी, अशी माझी समजूत होती. पण ती १९९९च्या मूळ खेळातही होती. आम्ही मात्र चार वर्षे एकेका व्हिलेजरला हाताला धरून न्यावे तसे कामाला लावत होतो.

मेंढ्यांचेही तसेच झाले. एका मेंढीतून शंभर अन्न मिळते, परंतु मेंढी मारल्याक्षणापासून तिचे मांस नासू लागते. म्हणून एका वेळी एकच मेंढी, तीही टाऊन सेंटरला अगदी खेटून मारायची असते, म्हणजे व्हिलेजरची ये-जा वाचते. आम्ही सापडतील तेवढ्या मेंढ्या एका दमात मारून टाकायचो आणि अन्न कुठे गेले म्हणून एकमेकांना विचारायचो.

माझा प्रश्न असा आहे, की चौघेजण रोज शेजारी बसून खेळत असताना हे एकाच्याही लक्षात कसे आले नसेल? तुम्हाला अशा कोणत्या गोष्टी उशिरा कळल्या, आणि त्या कशा कळल्या, हे सविस्तर लिहावे.

निपाणीचा राजेशाही खेळाडू

शहापूरकर, आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या पंधरा रुपयांत आहे. या खेळात विल्यम वॉलेसच्या नावाची एक मोहीम आहे आणि ती केवळ शिकवण्यासाठीच केलेली आहे; चालायचे कसे, लाकूड तोडायचे कसे, लढायचे कसे, हे ती टप्प्याटप्प्याने सांगते. पण घड्याळ चालू असताना शिकवणीवर तास घालवायला कोण तयार होणार? आमच्याकडे निपाणीतही सगळे थेट लढाईलाच बसत. शिवाय मूळ खेळाच्या खोक्यात छापील पुस्तिका आणि सगळ्या संशोधनांचा घडीचा मोठा तक्ता असे. आमच्या हाती कागदी पाकिटातली एक सीडी आली, तिच्यावर स्केचपेनने लिहिलेले नाव होते, बाकी काही नाही. ते पुस्तक अस्तित्वात होते हेच मला पुढे कित्येक वर्षांनी समजले, आणि त्याचे वाईट वाटते.

माझी उशिरा कळलेली गोष्ट शेतीची आहे. साठ लाकडे खर्चून केलेल्या शेतातून, सुधारणा केलेल्या नसतील तर, १७५ अन्न निघते आणि शेत संपते. मग ती तपकिरी, ओसाड पट्टी आणि तिच्यावर हात बांधून उभा असलेला व्हिलेजर, हे चित्र आपल्यालाही आठवत असेल. ऐन लढाईत मी सैन्य सोडून पंधरा शेते पुन्हा पेरत फिरत असे. २०००मध्ये आलेल्या ‘द कॉन्करर्स’ या जोडखेळात मिलमध्ये (खेळातल्या अन्न साठवायच्या इमारतीत) लाकूड आगाऊ भरून पेरण्यांची रांग लावून ठेवता येते, म्हणजे एक शेत संपले की ते आपोआप पुन्हा पेरले जाते. त्या रांगेचे बटण मी रोज बघत होतो. त्यावर चित्र शेताचे असल्यामुळे, ते नवीन शेत करण्याचे असावे असे धरून चाललो होतो. माझे वडील तंबाखू करतात. पुढच्या हंगामाचे बी आधी बाजूला काढल्याशिवाय ते घरात स्वस्थ बसत नाहीत. त्यांच्या मुलाला हे सुचायला हवे होते, असे आजही मनात येते.

आणखी एक सांगतो: पूर्णविरामाचे बटण दाबले की रिकामा उभा असलेला व्हिलेजर आपोआप निवडला जातो.

मलप्रभाकाठची (खानापूर)

माझा अनुभव त्याहून जुना, कॅसेट घालून टीव्हीवर खेळायच्या मारिओचा आहे. खानापुरात पावसाळ्यात लाइट गेली की सगळे गेलेच, त्यामुळे पहिल्यापासून सुरुवात करण्याची आम्हा भावंडांना सवयच होती. पण लाइट असतानाही तिन्ही जीव संपले की आम्ही मुकाट्याने पहिल्या जगाच्या पहिल्या पायरीवर येत असू. प्रत्यक्षात खेळ संपल्यावर सुरुवातीच्या पडद्यावर ‘ए’ बटण दाबून धरून ‘स्टार्ट’ दाबले, की ज्या जगात हरलो त्या जगाच्या आरंभापासून पुढे खेळता येते. हे १९८५च्या त्या खेळात पहिल्यापासून आहे. मला ते माझ्या मुलीमुळे, सुमारे पंचवीस वर्षांनी कळले.

आता शहापूरकर दादांच्या प्रश्नाबद्दल. पहिल्या जगाच्या दुसऱ्या पायरीत छतावरून चालत गेले की पुढच्या जगांत नेणारे पाइप लागतात, ही गोष्ट मात्र आमच्या गल्लीतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक होती, आणि ती कुणी पुस्तकात वाचलेली नव्हती. या दोन गोष्टींत फरक काय, यावर मी बराच विचार केला. छतावरून धावणारा मारिओ मागे बसलेल्या दहाजणांना दिसतो. दाबून धरलेला अंगठा कुणालाच दिसत नाही. रिमोट एकाच्या हातात आणि सगळ्यांचे डोळे टीव्हीवर. आपल्याकडे खेळ तोंडातोंडी आणि बघून बघून पसरले, म्हणून जे पडद्यावर दिसले तेवढेच पसरले. आपण चौघे चार वेगवेगळ्या पडद्यांसमोर बसत होता, मग दुसऱ्याचे उजवे बटण आपल्याला दिसणार कसे?

चिकोडी रोड

ताईंचे म्हणणे पटते, पण एक भर घालतो. ‘व्हाइस सिटी’ या शहरभर गाड्या पळवायच्या खेळात आम्ही अँब्युलन्स पळवून नुसती फिरवत होतो. त्याच अँब्युलन्समधून रुग्णांना दवाखान्यात पोचवण्याच्या बारा पातळ्या पूर्ण केल्या, की नायक कितीही धावला तरी दमत नाही. अग्निशमन गाडीच्या बारा पातळ्यांनंतर त्याला आग लागत नाही. टॅक्सीत शंभर फेऱ्या झाल्या की टॅक्सी उड्या मारते. हे आम्हाला न कळण्याचे कारण वेगळे होते: चीट कोडचा, म्हणजे टाइप केले की हवे ते फुकट मिळवून देणाऱ्या शब्दांचा, कागद प्रत्येकाच्या खिशात होता. कष्टाने मिळणारी गोष्ट फुकट मिळत असताना तिच्यापर्यंत जाणारी वाट कुणी शोधली नाही.

शहापूरकर (बेळगाव)

सर्वांचे मनापासून आभार. ताई, आपले अंगठ्याबद्दलचे निरीक्षण मी आमच्या चौघांच्या ग्रुपवर जसेच्या तसे पाठवले आणि त्यावरून एक जुना वाद मिटला. आमच्यातला एकजण येळ्ळूरचा. गावाजवळचा राजहंसगड किल्ला लहानपणापासून डोळ्यांसमोर असल्यामुळे की काय, तो आपले धनुर्धारी नेहमी उंचवट्यावर उभे करायचा आणि जवळपास नेहमी जिंकायचा. आम्ही त्याला नशीबवान म्हणायचो. आता पाहिले तर खेळाचा नियमच असा आहे, की उंचावरून केलेला वार सव्वापट बसतो आणि खालून वर केलेला पाऊणपट. आकडा त्यालाही ठाऊक नव्हता. ही गोष्ट मात्र पडद्यावर आम्हा सगळ्यांना दिसत होती, तरी आम्ही ती उचलली नाही. तेव्हा दिसणे पुरेसे नसावे, असे मला वाटते. ताई, यावर आपले मत वाचायला आवडेल.

परवा रात्री आम्ही चौघे, दोघे बेळगावातून, एक बेंगळुरूहून आणि एक पुण्याहून, तब्बल अठरा वर्षांनी एकत्र खेळलो. मेंढ्या एकेक करून मारल्या, झाडावर उजवे बटण दाबले. टेकडीवर मात्र येळ्ळूरकर आमच्या आधी पोचला होता.