धातूचा रंग न वापरता तलवार चकाकवायची आहे, काय घेऊ? (बजेट १५०० रु.)

गॅलरीतला_किल्लेदार
नमस्कार मंडळी. यंदाच्या किल्ल्यावर कुंभारवाड्यातल्या मावळ्यांच्या जोडीला एक खास सरदार ठेवायचा आहे. ७५ मिमीची रेझिनची मूर्ती, भाच्याने थ्रीडी प्रिंटरवर काढून दिली. हातात धोप (सरळ पात्याची तलवार), पाठीवर ढाल, डोक्याला शिरस्त्राण, अंगात कड्यांचं चिलखत. दिवाळी झाली की शोकेसमध्ये जाईल.

यूट्यूबवर ते एनएमएम पाहिल्यापासून डोक्यातून जात नाहीये. नॉन मेटॅलिक मेटल, म्हणजे चंदेरी-सोनेरी रंगाला हात न लावता साध्या रंगांतून पोलाद आणि पितळ दाखवायचं. घरी कॅमलचे विद्यार्थ्यांसाठीचे अ‍ॅक्रिलिक आहेत: काळा, पांढरा, अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, लेमन यलो. ब्रश सिंथेटिक, टोकं वळलेली.

१५०० रुपयांत काय घेऊ? स्केल७५ चा एनएमएमचा तयार सेट, व्हॅलेहोच्या सुट्या बाटल्या (दोन्ही छोट्या मूर्तींच्या रंगांच्या कंपन्या), की एक चांगला ब्रश? दिवाळीला अजून अडीच महिने आहेत. राहायला पुण्यात कोथरूडला, पण शहरात कुठेही जायची तयारी आहे.

पेठेतला_पंत
अप्पा बळवंत चौकात जा, सिल्व्हर मार्कर घ्या, दहा मिनिटांत तलवार तयार. उरलेल्या पैशांत पणत्या येतील. किल्ल्यावर माणसं महाराजांना बघायला येतात, सरदाराच्या पात्यावरचं प्रतिबिंब बघायला नाही.

कंप्रेसरवाले_काका
एअरब्रश घ्या, हवेने रंग फवारणारा. एकदाच काय तो खर्च. माझ्याकडे टाकीवाला कंप्रेसर आहे, आवाज इतका कमी की हिने अजून तक्रार केलेली नाही. राखाडीच्या छटा एकमेकींत अशा विरतात की जोड सापडत नाही. स्वस्तातला घेऊ नका, सुई वाकते. नऊ-दहा हजारांत चांगलं काम होईल.

रंगरेषा
काका, बजेट १५०० आहे.

किल्लेदार, तिन्हींत ब्रश घ्या. रंग तुमच्याकडे पुरेसे आहेत. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळा, जवळजवळ काळा राखाडी मिळेल. निळा जास्त पडला तर थंड पोलाद, सिएना जास्त पडला तर जुनं तेलकट लोखंड. त्यात थोडा थोडा पांढरा वाढवत चार-पाच पायऱ्या करून ठेवा.

धातू समोरचं जग परत दाखवतो. कापडावर सावली हळूहळू उतरते, तशी ती इथे उतरत नाही. काळ्या पट्ट्याला खेटून पांढरा पट्टा येतो, आणि नवशिके नेमके तिथे बिचकतात. शिरस्त्राण गोल आहे ना? मग वरच्या बाजूला एक उजळ डाग, लगेच गडद, आणि अगदी खालच्या काठाला जमिनीवरून परतलेला मंद उजेड. वर निमुळतं टोक असेल तर उजेडाच्या रेघाही टोकाकडे निमुळत्या होत जातील. दंडावर नळीसारखं कवच असेल तर रेघा नळीच्या लांबीने ओढा, आडव्या नकोत. पात्याच्या मधोमध उंचवटा असेल तर दोन बाजू उलट्या रंगवा: डावीकडे ज्या उंचीवर उजेड, उजवीकडे त्याच उंचीवर अंधार. धारेवर सलग बारीक पांढरी रेघ सगळ्यात शेवटी. शुद्ध पांढरा फक्त तिथे आणि एक-दोन ठिपक्यांत.

सुरुवात करण्याआधी मूर्तीला चकचकीत काळा हात द्या, खोलीत अंधार करा, वरून टॉर्च धरा आणि मोबाइलवर फोटो काढा. जिथे चमकलं तिथे तुमचा पांढरा. टॉर्चची जागा एकदा ठरली की सगळ्या मूर्तीला तीच.

बखरवाचक
ढाल कसली बनवली आहे ते बघितलंत का? त्या काळातल्या पुष्कळ ढाली कातड्याच्या, गेंड्याच्या किंवा म्हशीच्या, वरून रोगण दिलेल्या. धातूची असतात ती फक्त समोरची चार फुलं. आख्खी ढाल पोलादी रंगवलीत तर चुकेल. मालिकांमुळे लोकांचा समज झालाय.

सरळसोट
पोलादी ढालीही होत्या हो. संग्रहालयांत आहेत.

बखरवाचक
होत्या. मी ‘पुष्कळ’ म्हणालो, ‘सगळ्या’ नाही. नीट वाचावं ही विनंती.

पाव_डझन_ब्रश
रंगरेषा यांना +१. ब्रशच घ्या. मी विन्सर अँड न्यूटनची सिरीज ७ वापरतो. १८६६ साली व्हिक्टोरिया राणीसाठी तयार झालेला ब्रश आहे तो, कोलिन्स्की नावाच्या प्राण्याच्या केसांचा. एकदा वापरलात की दुसरा हातात धरवत नाही. आणि शून्य किंवा दोन शून्य नंबर अजिबात घेऊ नका. बारीक कामाला बारीक ब्रश हा गैरसमज आहे. त्याच्या पोटात रंग राहत नाही, मूर्तीपर्यंत पोचेस्तोवर टोकावर सुकतो. १ नंबर घ्या, टोक शाबूत असेल तर त्याने डोळ्याची बाहुलीसुद्धा निघते. काम झाल्यावर साबणाने धुऊन ठेवा, पाण्यात उभा करून ठेवू नका.

ऑइलवाली_मावशी
सगळे अ‍ॅक्रिलिकच्या मागे का लागलेत कळत नाही. खाली अ‍ॅक्रिलिकचा हात, वर तैलरंग, कोरड्या ब्रशने कडा विरवायच्या. तासन्‌तास ओले राहतात, घाई नाही. रविवर्म्याने दागिने असेच रंगवले. तंजावरच्या चित्रांत सोन्याचा वर्ख चिकटवतात. त्याने तैलरंगातला पिवळा, तपकिरी आणि पांढऱ्याचा ठिपका यांतून सोनं दाखवलं. युरोपात इटलीच्या आल्बर्टीने १४३५ च्या चित्रकलेवरच्या ग्रंथात हेच सांगितलं होतं: सोन्याचा वापर करण्यापेक्षा रंगांतून सोनं दाखवणाऱ्याचं कौतुक जास्त. तुमच्या यूट्यूबवाल्यांनी काही नवीन शोधलेलं नाही.

पेठेतला_पंत
मार्करपासून निघालेला धागा इटलीला पोचला.

सरळसोट
मावशी, तैलरंग वाळायला किती दिवस लागतात तेही सांगा की. पावसाळा चालू आहे.

कसब्यातला
व्हिडिओ बंद करा आणि तांबट आळीत जाऊन उभे राहा. तिथे मठारलेला हंडा किंवा घंगाळ बघा. प्रत्येक ठोक्यात आकाशाचा उजळ तुकडा, रस्त्याचा तपकिरी, मधे गडद रेघ. पोलादावर हेच होतं, फक्त रंग बदलतात. पात्याच्या वरच्या भागात किंचित निळा आणि खालच्या भागात किंचित मातकट मिसळलात की धातू बाहेर उघड्यावर उभा आहे असं वाटू लागतं. तिथून चालत केळकर संग्रहालयात जा, खरी शस्त्रं आहेत. काचेवर नाक लावून उजेड कुठे बसतो ते बघा. हे सगळं तिकिटाच्या पैशांत.

श्रावणसर
एक धोक्याची सूचना. शेवटी मॅट (बिनचमकीच्या) वॉर्निशचा स्प्रे मारायला सांगतील लोक. या हवेत मारू नका. माझ्या घोडेस्वारावर गेल्या ऑगस्टमध्ये पांढरं धुकं बसलं ते कायमचं. दमट हवेत होतं असं. दुकानदार मलाच म्हणतो डबा हलवला नसेल. हलवला होता! पैसे परत नाहीत ते नाहीतच. ब्रशने लावायचं पाण्यातलं मॅट वॉर्निश घ्या.

रंगरेषा
श्रावणसर, महत्त्वाचं बोललात, आणि किल्लेदारांना ते लागणारच आहे. विद्यार्थ्यांचे अ‍ॅक्रिलिक वाळल्यावर थोडे चकाकतात. मग खोलीतल्या बल्बची खरी चमक एका जागी, रंगवलेली दुसऱ्या जागी, आणि डोळ्याचा गोंधळ. मॅट वॉर्निश हवंच. या रंगांत भरणाही (रंग वाढवायला घातलेली पूड) जास्त असतो, म्हणून एका हातात झाकायचा प्रयत्न करू नका. दुधाहून पातळ करा आणि हात वाढवा, आधीचा पूर्ण वाळल्यावर. रंग सुकू नयेत म्हणून ओला पॅलेट ठेवा, तो घरीच होतो: झाकणाचा डबा, तळाला भिजवलेला स्वयंपाकघरातला टिश्यू, वर बेकिंगचा कागद.

पाव_डझन_ब्रश
बटर पेपर म्हणा.

रंगरेषा
नाही म्हणणार. स्टेशनरीत मिळतो त्या बटर पेपरचा तासाभरात लगदा होतो. केक भाजायचा वेगळा.

गॅलरीतला_किल्लेदार
सगळ्यांचे आभार. तांबट आळीत जाऊन आलो. वेळ छान गेला, घंगाळही घेतलं, ते बजेटमध्ये धरलेलं नाही. काल रात्री जुन्या ब्रशनेच पात्यावर प्रयत्न केला. फोटो चढवलाय. काहीतरी गंडतंय.

पेठेतला_पंत
शाळेची पाटी दिसतेय.

रंगरेषा
पंत कुचके आहेत, पण बरोबर बोललेत. सगळं मधल्या राखाडीत अडकलंय. फोटो कृष्णधवल करून डोळे किलकिले करा: काळा कुठे आहे? पांढरा कुठे आहे? मधल्या राखाडीला पात्याचा जेमतेम तिसरा हिस्सा द्या, बाकीचं दोन टोकांना वाटून टाका. उजेडही पात्यावर तुम्ही सारखा पसरवलाय. एक मोठा पट्टा मुठीपासून जरा वर, एक छोटा टोकाशी, बस. मूठ आणि परज पितळी करणार असाल तर सिएनात चिमूटभर अल्ट्रामरीन घालून सावली करा, वर ऑकर, मग ऑकर अधिक लेमन, शेवटी पांढऱ्याचा ठिपका. लेमनमध्ये भरपूर पांढरा ओतू नका, पितळ आजारी दिसतं.

चिलखताची प्रत्येक कडी रंगवायला बसलात तर पुढची दिवाळी उजाडेल. सगळं गडद करा, जवळजवळ कोरड्या ब्रशने मधला राखाडी फिरवा, आणि खांदा-छाती जिथे टॉर्चमध्ये उजळली होती तिथल्याच कड्यांना पांढरे ठिपके द्या.

सरळसोट
चिलखत खऱ्या सिल्व्हरने करा, बाकी एनएमएम. वेळ वाचेल.

पाव_डझन_ब्रश
एकाच मूर्तीवर दोन्ही? अजिबात नको. खरी चमक शेजारी आली की रंगवलेली खोटी पडते. आणि सिल्व्हरमधले चमकीचे कण पाण्यात उतरतात, तोच ब्रश राखाडीत घातलात की पात्यावर टिकल्या. निदान पाण्याचा पेला वेगळा ठेवा.

कसब्यातला
मूळ मुद्दा कुणी काढला नाही म्हणून मी काढतो. एनएमएम एकाच बाजूने बघायची गोष्ट आहे. रंगवलेला उजेड हलत नाही. किल्ल्याभोवती पोरं चारी बाजूंनी फिरणार, वरून वाकून बघणार, अळिवावर पाणी शिंपडणार, माळेतले दिवे लाल-हिरवे होणार. तिथे सिल्व्हर बरा, तो बघणाऱ्याबरोबर चमकतो. एनएमएम शोकेससाठी ठेवा. किल्ल्यावर कुंभारवाड्यातलाच सरदार बसवा.

श्रावणसर
+१. शिवाय वॉर्निश.

ऑइलवाली_मावशी
+१, किल्ल्यावर नको. तैलरंगात केलंत तर मुळीच नको.

पेठेतला_पंत
पहिल्याच प्रतिसादात मी हे सांगितलं होतं.

गॅलरीतला_किल्लेदार
निर्णय झालाय. एनएमएमच करणार आणि किल्ल्यावरच ठेवणार. आमचा किल्ला गॅलरीच्या कोपऱ्यात असतो, दोन बाजूंना भिंत, माणसं येतात ती फक्त हॉलच्या दारातून. सरदार माचीवर भिंतीला पाठ करून उभा राहील, म्हणजे बघणारा एकाच दिशेचा. टॉर्चही त्या दाराच्या वरून धरला होता, हा योग मुलीच्या लक्षात आला. पाणी शिंपडायचं काम तिच्याकडे, ती सरदाराला तेवढं उचलून घेईल.

ब्रश मात्र घेतला नाही. स्केल७५ चा सोन्या-तांब्याचा सेट मागवला, बजेट ओलांडून. माहितीये, ऑकरमधून झालं असतं. पण बाटल्या बघितल्या आणि राहवलं नाही. पोलाद घरच्या अल्ट्रामरीन-सिएनातूनच करतोय, कालचं पातं परत काळं करून घेतलं.

पाव_डझन_ब्रश
त्या वळलेल्या टोकाने? मग विचारलंत कशाला?

बखरवाचक
ढालीचं काय ठरलं?

गॅलरीतला_किल्लेदार
कातड्याची. फुलं पितळी.

बखरवाचक
धन्यवाद.

कंप्रेसरवाले_काका
आत्ताच सगळा धागा वाचला. छान चर्चा. माझ्याकडे जुना एअरब्रश पडून आहे, सुई थोडी वाकलेली. साडेचार हजारांत देईन. तुमचं बजेट किती म्हणालात?