ख्यालाच्या एलपींसाठी कार्ट्रिज कुठलं घ्यावं? (सोबत ७८ च्या पण आहेत)

पर्वतीपायथा

नमस्कार मंडळी. मामांनी बाणेरला लहान फ्लॅट घेतला, तिथे जागा नाही म्हणून त्यांच्या रेकॉर्ड्स सगळ्या माझ्याकडे आल्यात. बहुतेक एचएमव्हीच्या एलपी, ख्याल आणि नाट्यसंगीत, आणि खोक्याच्या तळाशी ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या, लाखेच्या जुन्या) पण बऱ्याच निघाल्या. टर्नटेबल ऑडिओ-टेक्निकाचं एलपी१२०एक्स यूएसबी आहे, त्याच्याबरोबर आलेलं व्हीएम९५ई कार्ट्रिजच (सुई बसते तो छोटा डबा) अजून वापरतीये.

प्रॉब्लेम असा की बाजू सुरू होते तेव्हा सगळं मस्त असतं, विलंबित अगदी समोर बसून ऐकल्यासारखं, आणि जसजशी सुई आत आत जाते तसतसा आवाज फाटायला लागतो. म्हणजे नेमकं द्रुत सुरू होऊन ताना यायला लागतात तेव्हाच. स आणि श तर चरचरतातच, वरच्या षड्जावर पण आवाजाला कड येते.

मनात तीन आहेत : ऑर्टोफॉन टूएम ब्लू, नागाओका एमपी-११०, नाहीतर आत्ताच्याच बॉडीवर व्हीएम९५एमएल ची सुई. ऑफिसमधला एकजण म्हणतो डेनॉन डीएल-१०३ शिवाय काही घेऊ नकोस. यूट्यूबवर तुलनेचे व्हिडिओ बघून बघून डोकं फिरलं, मला तर सगळे सारखेच वाटतात. बजेट वीस हजारांच्या आत. आणि ७८ ला हीच पिन चालेल का?

चाट_आणि_मैदान

ताई, आधी एक काम करा, पैसे नंतर. एखादी नवीन, आजकाल दाबलेली एलपी कुणाकडून तरी मागून आणा आणि तिचा शेवटचा भाग ऐका. ती पण फाटत असेल तर दोष कार्ट्रिज बसवण्यात किंवा सुईत आहे, ती स्वच्छ वाजली आणि मामांच्याच फाटल्या तर खाच आधीच झिजलीय. साठ-सत्तरच्या दशकात घरोघरी रेडिओग्राम आणि चेंजर (रेकॉर्ड आपोआप बदलणारे प्लेअर) होते, त्यांच्या जड आर्मनी आणि वर्षानुवर्षं न बदललेल्या सुयांनी खाचेच्या भिंती खरवडून ठेवल्यात, तिथे जगातलं कुठलंही कार्ट्रिज आणलं तरी गेलेलं परत येत नाही.

आता आतल्या बाजूलाच का, तर प्लेट एकाच वेगानी फिरते, मिनिटाला ३३⅓ फेरे, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खाच सरकते आणि अगदी आत फक्त २१. म्हणजे तेवढंच गाणं निम्म्याहून कमी लांबीत कोंबलेलं असतं. १० हजार हर्ट्झची एक लाट बाहेर ५१ मायक्रॉन लांब, आत २१. तुमच्या ई (इलिप्टिकल, लंबगोल) सुईची वळणात शिरणारी कड ०.३ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) म्हणजे साडेसात मायक्रॉनच्या आसपास, एमएलची (मायक्रोलिनिअर, एकदम बारीक कडेची) ०.१२ मिल म्हणजे ३ मायक्रॉन. आत लाटा दाटीवाटीनी येतात तिथे जाड कड वळणात बसतच नाही, वरवरून घसरत जाते, तीच तुमची चरचर. आणि आपल्या संगीताचं दुर्दैव बघा, पाश्चात्य पॉपवाले बाजूच्या शेवटी एखादं संथ गाणं टाकून वेळ मारून नेतात, आपल्याकडे विलंबितानी सुरुवात आणि सगळ्यात दाट, सगळ्यात चढ्या ताना बरोब्बर लेबलपाशी! त्यात वीस-बावीस मिनिटांची बाजू असली की खाच जाते पार आतपर्यंत. म्हणून ख्याल ऐकणाऱ्यानी ब्रँड नंतर बघावा, सुईचा आकार आधी.

पण त्याच्याही आधी अलाइनमेंट, म्हणजे कार्ट्रिज सरळ बसवणं. प्रोट्रॅक्टर (ते तपासायचा छापील कागद) नेटवर फुकट मिळतो, प्रिंट काढताना स्केल १०० टक्केच ठेवा आणि पट्टीनी मोजून खात्री करा, झेरॉक्सवाला फिट टू पेज करून देतो मग सगळंच हुकतं. बेअरवाल्ड नावाचा घ्या, त्याचे दोन बिंदू प्लेटच्या मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर येतात. दोन्ही ठिकाणी कार्ट्रिजची बॉडी रेषांना समांतर दिसली पाहिजे. वजन, म्हणजे सुईचा रेकॉर्डवरचा भार, २ ग्रॅम, आर्मच्या रिंगवरच्या आकड्यावर जाऊ नका, डिजिटल काटा घ्या, ऑनलाइन स्वस्तात मिळतो. कंपनीतून आलेलं कार्ट्रिज नीटच बसवलेलं असतं असं समजू नका.

डेक्कनचा_रसिक

टूएम ब्लू. डोळे झाकून. विषय संपला.

चाट_आणि_मैदान

@डेक्कनचा_रसिक अहो विषय कसा संपला, कारण तरी सांगा की राव

डेक्कनचा_रसिक

कारण कानाला कळतं. टूएम रेडवरून (ब्लूच्या खालचं मॉडेल) ब्लूवर गेलो तेव्हा तबल्याची चाट सुटी सुटी ऐकू यायला लागली, तानपुरा मागे धुरकट होता तो जागेवर आला. आणि बॉडी तीच राहते, फक्त सुई ओढून काढायची आणि ब्लूची लावायची. नागाओका पण ऐकलंय मित्राकडे, गोड आहे, पण मला जरा झोपाळू वाटलं.

खरखर_शून्य

झोपाळू म्हणा हवं तर, पण जुन्या रेकॉर्डवर एमपी-११० सारखं माणसाळलेलं कार्ट्रिज नाही. टिकटिक, खरखर थोडी मागे ढकलतं आणि गळा पुढे आणतं. माझ्याकडे निम्म्या रेकॉर्ड्स जुन्या बाजारातून उचललेल्या, त्यांच्यावर टूएम ब्लू लावलं तर प्रत्येक ओरखड्याचा हिशोब ऐकावा लागतो. उजेडात बघितल्यावर चकचकीत दिसणाऱ्या रेकॉर्ड्स असतील तर ब्लू, नाहीतर नागाओका. द्रुत तानांचं म्हणाल तर नागाओकाची सुई पण इलिप्टिकलच, ०.४ बाय ०.७, म्हणजे तुमच्या ई पेक्षा कड जाडच, तिथे फार चमत्कार होणार नाही हे कबूल.

चाट_आणि_मैदान

हे बरोबर बोललात. आणि तुलना करणाऱ्या सगळ्यांसाठी एक गोष्ट, जी यूट्यूबवाले क्वचितच करतात. टूएम चं आउटपुट ५.५ मिलिव्होल्ट, व्हीएम९५ई चं ४, एमएलचं ३.५. म्हणजे अँपचा नॉब तिथेच ठेवून बदललं तर टूएम ई पेक्षा पावणेतीन डेसिबल मोठं वाजतं आणि मोठं वाजलेलं आपल्या कानाला नेहमी चांगलंच वाटतं, जास्त खुलं, जास्त जिवंत. आधी दोघांचा आवाज सारखा करा, फोनवरचं साधं डेसिबल मीटर पण चालेल, आणि मग एकच बाजू, शेवटची पाच मिनिटं, दोन्हीवर ऐका. सुरुवातीची मिनिटं ऐकून काही कळत नाही, तिथे सगळीच बरी वाजतात.

ब्लूची सुई न्यूड इलिप्टिकल आहे, ई पेक्षा नक्की सरस, कारण हिरा सबंध असतो, धातूच्या बुंध्यावर चिकटवलेला नसतो, त्यामुळे टोक हलकं. पण आतल्या खाचेत एमएल किंवा शिबाटाच (तशीच बारीक कडेची दुसरी सुई) जिंकणार. ऑर्टोफॉनमध्ये त्या दर्जाच्या सुईसाठी टूएम ब्राँझ किंवा टूएम ब्लॅकला जावं लागतं आणि ते तुमच्या बजेटच्या पलीकडे. ऑडिओ-टेक्निकावाले स्वतः ई चं आयुष्य ३०० तास सांगतात, साध्या कोनिकलचं (गोल टोकाच्या सुईचं) ५००, शिबाटाचं ८०० आणि एमएलचं १०००. तासाला भागून बघा, महाग दिसणारी सुई तितकी महाग राहत नाही. सदाशिव पेठेत हा हिशोब समजावून सांगायला लागू नये.

कोथरूड७८

७८ बद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

ताई, हीच पिन ७८ ला अजिबात लावू नका. एमएल घेतलीत तर ती तर मुळीच नको. ७८ ची खाच एलपीच्या कितीतरी पट रुंद, तिला टोक लागतं ३ मिलच्या आसपास. एलपीची सुई त्या खाचेच्या तळाशी जाऊन धूळ उकरत बसते, रुंद रस्त्याच्या मधल्या गटारातून सायकल चालवल्यासारखं. भिंतींना नीट टेकतच नाही, मग फक्त खरखर. शिवाय त्या लाखेच्या रेकॉर्ड्समध्ये दगडाची भुकटी मिसळलेली असते, स्टीलच्या सुईला घासून आकारात आणण्यासाठी पण ती घालायचे, तुमच्या नाजूक हिऱ्याचं काय होईल विचार करा.

सुदैवानी तुमच्या बॉडीला व्हीएम९५एसपी ची सुई बसते, ती खास ७८ साठीच आहे, ३ मिल कोनिकल. फक्त वजन ५ ग्रॅम द्यायचं, २ नाही. हे विसरायला होतं म्हणून मी सुचवेन की दुसरी बॉडी आणि दुसरं हेडशेल (कार्ट्रिज बसतं तो आर्मचा पुढचा तुकडा) घेऊन ते ७८ चंच ठेवा, बदलताना काट्यावर एकदा वजन बघायचं की झालं. उलट चूक झाली, म्हणजे ५ ग्रॅमवर एमएल ठेवली, तर रेकॉर्ड आणि सुई दोन्हीचं वाटोळं.

दुसरं, ७८ मोनो असतात आणि गाणं खाचेत फक्त आडवं कोरलेलं असतं. स्टिरिओ कार्ट्रिज आडवं आणि उभं दोन्ही वाचतं, त्यातलं उभं म्हणजे नुसता कचरा. अँपला मोनो बटण असेल तर दाबा, नसेल तर वाय केबलनी दोन्ही चॅनल एकत्र करा, खरखर एकदम खाली बसते. मामांच्या मोनो एलपींना पण हेच, लेबलवर ईएएलपी नंबर दिसला की मोनो, ईसीएसडी असला की स्टिरिओ.

तिसरं स्पीड. ७८ म्हणून छापलंय पण त्या काळी कंपन्या ७८ च पाळायच्या असं नाही, विशेषतः १९२५ च्या आधीच्या, भोंग्यात गाऊन केलेल्या रेकॉर्ड्समध्ये. तुमच्या टर्नटेबलला पिच स्लायडर आहे. पेटी काढा, गायक कुठल्या पट्टीत गायचे ते घरातल्या जाणत्याला विचारा आणि षड्ज जुळेपर्यंत स्लायडर सरकवा. आवाजाचा पोत लगेच बदलतो, पिपाणीसारखा वाटणारा गळा एकदम माणसाचा होतो.

धुताना ७८ ला स्पिरिट, आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) काही लावू नका, लाख विरघळते. डिस्टिल्ड वॉटर, मऊ कापड, लगेच पुसायचं आणि लेबल कोरडं ठेवायचं.

पर्वतीपायथा

बापरे, एवढं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. एका काकांकडून नवीन एलपी आणून ऐकली, ती पण शेवटी फाटते, थोडी कमी पण फाटते. प्रोट्रॅक्टर लावून बघितला तर कार्ट्रिज चांगलंच तिरकं निघालं. सरळ केल्यावर नवीन वाली जवळजवळ स्वच्छ, मामांच्यांपैकी काही सुधारल्या, काही जशाच्या तशा. म्हणजे त्या गेल्याच का?

आणि डीएल-१०३ चं कुणी काही बोललं नाही.

चाट_आणि_मैदान

सगळ्या गेल्या असं लगेच नका म्हणू. जुन्या कोनिकल सुयांनी भिंतीचा जो पट्टा झिजवला, एमएल कधीकधी त्याच्या खालीवरच्या न झिजलेल्या भागाला पण टेकते आणि रेकॉर्ड अचानक बरी वाजते. कधीकधी उलटं, झीज जास्तच स्पष्ट ऐकू येते. रेकॉर्ड बघून सांगता येत नाही, वाजवूनच कळतं. तुमच्या जागी मी एमएलची सुई आणि ७८ साठी कोथरूडकर म्हणतात ती एसपी घेईन, ब्लूचा नाद सोडेन.

डीएल-१०३ बद्दल : सुंदर कार्ट्रिज, १९६० च्या दशकात जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेसाठी बनलं आणि अजून बनतं. पण ते मूव्हिंग कॉइल (त्यात चुंबकाऐवजी तारेचं वेटोळं हलतं), आउटपुट फक्त ०.३ मिलिव्होल्ट. तुमच्या टर्नटेबलमधला प्रीअँप (सुईचा बारीक सिग्नल मोठा करणारं सर्किट) मूव्हिंग मॅग्नेटचा, म्हणजे चुंबक हलणाऱ्या कार्ट्रिजचा, त्याला जोडलंत तर गाण्यापेक्षा सूंऽऽ असा हिस्स जास्त ऐकू येईल. मूव्हिंग कॉइलसाठीचा वेगळा प्रीअँप (एमसी फोनो स्टेज) किंवा ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागेल, आर्म पण जड लागतो, सुई झिजली की अख्खं कार्ट्रिज बदला. आणि एवढं करून सुई कोनिकलच! शेवटच्या तानांसाठी भांडताय तुम्ही, त्याला हे औषध नाही. ऑफिसमधल्या मित्राला सांगा, त्याच्याकडे ऐकायला येते म्हणावं.

डेक्कनचा_रसिक

एमएल घेतलीत तर ब्रश पण घ्या कार्बन फायबरचा. सध्या रस्ते खोदून ठेवलेत सगळीकडे, खिडकी उघडी ठेवून वाजवलं तर बाजू संपेपर्यंत सुईला मिशा येतात. सुई पुसताना मागून पुढे, कधीच आडवं नाही.

(अजूनही ब्लू म्हणतो.)

गारमाळ

मधेच घुसतो, सॉरी. एकजण जुनं श्युअर एम९७एक्सई विकतोय, सुई नाही, फक्त बॉडी. घेऊ का?

कोथरूड७८

श्युअरनी २०१८ मध्ये कार्ट्रिज आणि सुया बनवणं बंद केलं, त्यामुळे ओरिजिनल सुई म्हणून कुणी विकत असेल तर आधी संशय घ्या. जपानच्या जिकोच्या सुया मिळतात त्याला, पण सुईची किंमत, कस्टम, कुरियर सगळं धरून नवीन कार्ट्रिजच्या वर जाईल कदाचित, ते आधी बघा. बॉडी घ्यायची तर मल्टिमीटर घेऊन जा, डाव्या चॅनलला पांढरी-निळी आणि उजव्याला लाल-हिरवी वायर लागते, त्या त्या दोन पिनांमधला रेझिस्टन्स मोजा. दोन्हीकडे जवळपास सारखा आला तर घासाघीस करा, एकीकडे काहीच आलं नाही तर कॉइल तुटलीय, फुकट दिलं तरी नको.