स्विच नक्की दाखवायचा कुणाला?

नौपाडा, ठाणे:
गोखले रोडच्या आतल्या गल्लीत माझं गेमिंगचं छोटं दुकान आहे. निन्टेंडोच्या स्विच या गेम कन्सोलची ओएलईडी आणि लाइट ही दोन मॉडेलं ठेवतो. गिऱ्हाईक सोनीच्या पीएस5 कन्सोलच्या शेजारी स्विच बघतं आणि पहिलंच विचारतं, "यावर फोर-के चालतं का?" नाही म्हटलं की विषय संपला. दिवाळीपासून चारच गेले. कॉलेजची पोरं धरू की लहान मुलांचे आईबाप? माल अडकलाय, मनापासून सांगा.

ऐरोली:
दादा, आधी तो पीएस5च्या शेजारून हलवा. तिथे तो हरणारच. ऑक्टोबर 2016ची स्विचची पहिली जाहिरात काढून बघा. एक जण घरी टीव्हीवर खेळतोय, कुत्र्याला फिरवायची वेळ होते, तोच गेम हातात घेऊन तो बागेत जातो. मग विमान, मग गच्चीवरची पार्टी. माणसं बहुतेक विशी-तिशीतली. प्रोसेसरचा उल्लेखही नाही. निन्टेंडोच्याच आधीच्या वी यू कन्सोलचा टॅबलेट घराबाहेर चालायचाच नाही, आणि वी यू हा नवा कन्सोल आहे की त्याआधीच्या वी कन्सोलचं जोडसामान, हेच बऱ्याच लोकांना कळलं नाही. वी यू सुमारे 1.36 कोटी खपला, स्विच 15 कोटींच्या वर. त्यामुळे वय सोडा. "घरी टीव्ही कुणाच्या ताब्यात असतो?" एवढंच विचारा.

घोडबंदर रोड:
अगदी आमच्या घरचं बोललात! एकच टीव्ही, आणि सात ते साडेनऊ सासूबाईंच्या मालिका. मुलं डॉकमधून, म्हणजे टीव्हीला जोडलेल्या खाचेतून, स्क्रीन काढतात, गेम होता तिथूनच पुढे सुरू. स्क्रीनच्या दोन बाजूंचे कंट्रोलर, म्हणजे जॉय-कॉन, सुटे होतात; लाल धाकट्याकडे, निळा ताईकडे, दोघं आडवे धरून मारिओ कार्ट खेळतात. आमच्या जुन्या मॉडेलचा मागचा पाय अगदीच बारीक, म्हणून स्क्रीन पोह्यांच्या डब्याला टेकवतो. ओएलईडीला पूर्ण रुंदीचा स्टँड आहे, तो उघडून दाखवाच.
एक कळकळीची विनंती. आम्हाला एका दुकानात "तेच आहे, स्वस्तात" म्हणून आधी लाइट दिला होता. तो टीव्हीला लागत नाही, जॉय-कॉन सुटे होत नाहीत. दोन मुलं आणि एकच खेळणं, घरात रोज रडारड. पैसे परत मिळाले नाहीत ते वेगळंच.

नौपाडा, ठाणे:
ताई, लाइटचं हे मीही नीट सांगत नव्हतो. आजपासून घरात खेळणारे किती, हे विचारल्याशिवाय लाइट काढणार नाही. एकटा लोकलने ये-जा करणारा असेल तरच. आत्ताच काउंटरवर डॉक मांडलाय, छोटा टीव्ही जोडलाय, जॉय-कॉन सुटे काढून ठेवलेत.