मी नास्तिक, अज्ञेयवादी, वास्तववादी की आध्यात्मिक? मुलीला काय सांगू?

ताळेबंद:

नमस्कार. प्रश्न साधा आहे, पण आठवडाभर डोक्यातून जात नाहीये. नववीतल्या मुलीने परवा विचारलं, "आई, तू नक्की काय आहेस?" तिच्या वर्गात कुणीतरी स्वतःला अज्ञेयवादी म्हणवून घेतलं, तेव्हापासून ती घरादाराला लेबलं लावत सुटली आहे. बाबांना "आस्तिक" मिळालं, मामाला "सोयीपुरता आस्तिक" (हे माझ्या भावाला अजून कळलेलं नाही). माझ्यापाशी येऊन गाडी अडली.

माझं म्हणाल तर असं आहे. तीन वर्षांपूर्वी वडील अकरा दिवस व्हेंटिलेटरवर होते. बाहेरच्या बाकावर प्रत्येक जण आपापल्या परीने प्रार्थना करत होता. मीही हात जोडले, आणि लक्षात आलं की पलीकडे कुणी आहे असं मला वाटतच नाहीये. राग नव्हता, भांडण नव्हतं. फोन कानाला लावावा आणि रिंगच जाऊ नये, तसं काहीतरी. वडील गेले. प्रार्थना सुटली ती सुटलीच. पण त्याच सुमाराला पहाटे सव्वापाचला खिडकीशी वीसेक मिनिटं नुसतं बसायची सवय लागली. जप नाही, ध्यानाचं अ‍ॅप नाही. उजाडताना बघत बसते. ते चुकलं की दिवस तिरका जातो.

भाऊ म्हणतो, तू नास्तिक झालीस. मैत्रीण म्हणते, तू आमच्यापेक्षा आध्यात्मिक आहेस. मी स्वतःला वास्तववादी म्हणते, कारण पेशाने ऑडिटर आहे, कागद बघितल्याशिवाय आकडा मान्य करत नाही. मुलगी म्हणते, यातलं एकच निवड. पण हे शब्द मुळात एका जातीचे आहेत का?

एक घाव:

देव मानता का? नाही ना? मग नास्तिक. बाकीचे शब्द नातेवाइकांना वाईट वाटू नये म्हणून काढलेले आहेत. अज्ञेयवादी म्हणजे धीर न झालेला नास्तिक.

खडूची धूळ:

एकतीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे उत्तर लांबेल. आधीच माफी मागतो.

'एक घाव', तुमची तक्रार फार जुनी आहे हो. परलोक आहे असंही म्हणत नाही आणि नाही असंही म्हणत नाही, अशी भूमिका घेणारा बुद्धाच्या काळातला संजय बेलट्ठिपुत्त बौद्धांच्या पाली ग्रंथांत भेटतो. या धाटणीच्या मंडळींना तिथे 'अमराविक्खेपिक' म्हटलंय. त्या ग्रंथांच्या भाष्यकारांनी त्याचा एक अर्थ दिलाय तो हातातून सुळकन निसटणाऱ्या माशावरून. म्हणजे 'माहीत नाही' म्हणणाऱ्याला बुळबुळीत ठरवायची रीत दोन हजार वर्षांहून जुनी. तरीही ती चूकच.

ताळेबंद, तुमच्या शेवटच्या प्रश्नातच उत्तर आहे. मुलगी ज्या चौघांना एका बाकावर बसवू पाहतेय ते वेगवेगळ्या वर्गांतले आहेत. 'ईश्वर आहे असं मानता का?' याचं उत्तर नास्तिकता देते. 'ते कळू शकतं का, आणि कळल्याचा दावा आपण करावा का?' हा अज्ञेयवादाचा विषय. वास्तववादाचा प्रश्न ईश्वराबद्दल नाहीच: आपण पाहो न पाहो, जाणो न जाणो, जग आपल्या जागी आहे का? आणि अध्यात्म म्हणजे तुमचं ते सव्वापाचचं बसणं, त्याकडे नंतर येतो.

आधी 'नास्तिक'. आपल्याकडे या शब्दाचे अर्थ सारखे सरकत राहिले. व्याकरणकार पाणिनीच्या 'अस्ति नास्ति दिष्टं मतिः' (४.४.६०) या सूत्रावरची जुनी टीका, काशिकावृत्ती, सांगते, परलोक आहे असं ज्याचं मत तो आस्तिक. मनुस्मृती म्हणते 'नास्तिको वेदनिन्दकः' (२.११). दोन्हीकडे ईश्वराचा पत्ता नाही! म्हणूनच जुने मीमांसक, म्हणजे वेदांतल्या विधींचा अर्थ लावणारे, जगाचा कर्ता ईश्वर नाकारूनही पक्के आस्तिक राहिले, कारण वेद प्रमाण मानत. तुमच्या भावाला जे म्हणायचंय त्याला नेमका शब्द 'निरीश्वरवादी'.

'अज्ञेयवाद' या शब्दाने तर मराठीत थोडा घोळच केलाय. अज्ञात म्हणजे अजून न कळलेलं. अज्ञेय म्हणजे कधीच न कळू शकणारं. 'मला माहीत नाही' म्हणणारा माणूस खरं तर अज्ञातवादी, पण आपण त्याला अज्ञेयवादी म्हणतो आणि नकळत त्याच्या तोंडी फार मोठा दावा घालतो. मूळ इंग्रजी शब्द टी. एच. हक्सले यांनी १८६९ मध्ये घडवला. डार्विनची बाजू लढवणारे तेच हक्सले. १८८९ च्या लेखात त्यांनी स्पष्ट केलं की हा पंथ नाही, पद्धत आहे: बुद्धी नेईल तिथवर जा, आणि जे सिद्ध झालेलं नाही ते सिद्ध आहे असं भासवू नका.

एक गोष्ट तुमच्यासाठी मुद्दाम सांगतो. १८६० मध्ये हक्सले यांचा मुलगा नोएल आजारपणात गेला, चार वर्षांचाही झाला नव्हता. त्यांचे मित्र चार्ल्स किंग्जली हे धर्मगुरू. त्यांनी सांत्वनाचं पत्र पाठवलं. हक्सले यांनी उलट लिहिलेलं पत्र मी दरवर्षी वर्गात वाचून दाखवायचो. आत्म्याचं अमरत्व मी नाकारत नाही आणि मान्यही करत नाही. मानायला आधार दिसत नाही, आणि ते खोटं ठरवायचं साधनही हाती नाही, असं त्यात आहे. ते खरं असावं असं वाटण्याची सगळी कारणं त्या घरात होती, आणि नेमकं म्हणूनच त्यांनी आपल्या इच्छेला साक्षीदार म्हणून उभं केलं नाही. नऊ वर्षांनी त्यांनी जो शब्द घडवला तो या माणसाचा होता. याला कुणी धीर नसलेला म्हणत असेल तर मी गप्प बसतो.

आता वास्तववाद. रोजच्या बोलण्यात आपण 'व्यवहारी', 'भावनेत न वाहणारा' या अर्थी वापरतो, ते ठीक. पण वास्तववादी म्हटलं की देव न मानणारा, हे समीकरण साफ मोडतं. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शन मानणारे, कट्टर वास्तववादी होते, आणि त्यांच्यातल्याच उदयनाचार्यांनी दहाव्या शतकाच्या आसपास ईश्वर सिद्ध करायला 'न्यायकुसुमांजली' लिहिली. समोरच्या बाजूला विज्ञानवादी बौद्ध (इथे विज्ञान म्हणजे सायन्स नव्हे, जाणीव): जगाचा कर्ता ईश्वर नाही, आणि बाहेरचं जग मनापासून वेगळं आहे हेही मान्य नाही. वास्तववादी ईश्वर सिद्ध करतोय आणि निरीश्वरवादी भिंतसुद्धा खरी मानत नाहीये!

एक घाव:

हक्सलेंचं माहीत नव्हतं. 'धीर न झालेला' हे शब्द मागे घेतो. पण मुद्दा सोडत नाही. देवाचं अस्तित्व नसल्याचं सिद्ध करता येत नाही म्हणून अज्ञेयवादी व्हायचं, तर परीकथेतल्या राक्षसाबद्दलही व्हायला हवं. तिथे का नाही होत?

खडूची धूळ:

हा प्रश्न रास्त आहे, आणि ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी १९४७ मध्ये जवळपास असंच उत्तर देऊन ठेवलंय. रसेल म्हणतात: तत्त्वज्ञांसमोर मी स्वतःला अज्ञेयवादी म्हणेन, कारण ईश्वर नाही असा पक्का पुरावा माझ्याकडे नाही. पण रस्त्यावरच्या माणसाला नास्तिकच सांगेन, कारण ग्रीकांचे झ्यूस वगैरे देव नाहीत हेही मला सिद्ध करता येत नाही, तरी मी त्यांचा विचार करत बसत नाही. एकच माणूस, एकच मत, दोन शब्द. ऐकणारा कोण, त्यावर ठरलं.

शंकासुर:

सगळं छान, पण चौथ्याला तुम्ही अलगद बगल दिलीत, गुरुजी. खिडकीशी बसणं ही सवय झाली. त्याला अध्यात्म कशाला म्हणायचं? मी रोज सकाळी पोहतो. चुकलं की माझाही दिवस तिरका जातो. मी जलाध्यात्मिक का?

खडूची धूळ:

पकडलंत. बगल दिलीच होती, कारण इथे माझी जमीन भुसभुशीत आहे.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १९०२ मध्ये धर्माची एक व्याख्या केली ती अशी: माणसं आपापल्या एकांतात, ज्याला ती दिव्य मानतात त्याच्याशी असलेल्या नात्यात जे अनुभवतात आणि करतात, ते. मंदिर, ग्रंथ, पुरोहित सगळं त्यांनी त्या कामापुरतं बाजूला ठेवलं. 'वैयक्तिक अध्यात्म' याच्या जवळ जातं. पण 'दिव्य' हा शब्द उरतोच, आणि ताळेबंद म्हणतात त्यांना पलीकडे कुणी जाणवत नाही. मग स्पिनोझाकडे वळावं लागतं. १६५६ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या ज्यू समाजाने बहिष्कृत केलेला हा तत्त्वज्ञ ईश्वर आणि निसर्ग वेगळे मानत नव्हता. १९२९ मध्ये आइनस्टाइन यांना 'देव मानता का' विचारलं, तेव्हा त्यांनी स्पिनोझाचा देव मानतो असं कळवलं: सृष्टीच्या सुसंगतीत दिसणारा, माणसांच्या बऱ्यावाइटात लक्ष न घालणारा. हात जोडल्यावर रिंग न जाणारा, असं ताळेबंदांच्या शब्दांत म्हणता येईल.

जाता जाता, 'वैयक्तिक' या शब्दावरही लोक घसरतात. वैयक्तिक अध्यात्म म्हणजे माझं माझ्यापुरतं. 'व्यक्तिरूप ईश्वर' ही वेगळीच कल्पना. एक असून दुसरं नसलेली माणसं भरपूर.

पोहण्याबद्दल: खरंच सांगा, पाण्यात असताना तुम्ही फक्त पोहत असता?

शंकासुर:

...नाही. पण ते इथे लिहिणार नाही.

ताळेबंद:

तीनदा वाचलं. हक्सलेंच्या पत्राचा भाग दुपारी ऑफिसात वाचला, ते चुकलं. थोडा वेळ स्क्रीनकडे तोंड करून बसावं लागलं.

मग मी हे माझ्या भाषेत मांडून बघितलं. ऑडिट रिपोर्टमध्ये आम्ही मत देतो. हिशेब तपासले, पुरेसा पुरावा मिळाला आणि चित्र मुळातूनच चुकीचं निघालं, तर 'अ‍ॅडव्हर्स'. पुरेसा पुरावाच हाती आला नाही आणि परिणाम दूरवर जाऊ शकतो, तर 'डिस्क्लेमर': आम्ही मत देत नाही. नवख्या मुलांना डिस्क्लेमर म्हणजे पळवाट वाटते. मी आयुष्यात मोजून दोनदा दिलाय, आणि दोन्ही वेळा अ‍ॅडव्हर्स देण्यापेक्षा जास्त रात्री जागले होते. वर्किंग पेपर (तपासणीच्या नोंदी) नसताना सही करायची नाही, हे हक्सलेंचं म्हणणं मला शिकवावं लागणार नाही.

वास्तववाद म्हणजे आमची स्टॉक मोजणी. रजिस्टर काहीही म्हणो, गोदामात जेवढा माल आहे तेवढाच आहे. मी मोजायला गेले नाही म्हणून कमी होत नाही.

आणि खिडकीला लेजरच नाही. ती कुठल्या खात्यात टाकायची हेच कळत नव्हतं म्हणून एवढे दिवस अडले होते.

खडूची धूळ:

वा! हे मला नोकरीत असताना मिळालं असतं तर किती तास वाचले असते. फक्त एक खोट काढतो, सवय जात नाही. डिस्क्लेमर देताना वह्या कुठेतरी आहेत, कुणीतरी दाखवत नाहीये, असं गृहीत असतं. इथे वह्या लिहिल्या गेल्यात का, इथूनच शंका आहे. नासदीय सूक्ताच्या (ऋग्वेद १०.१२९) शेवटी विचारलंय ना, सृष्टी कुठून झाली हे वरून पाहणाऱ्या अध्यक्षाला ठाऊक असेल, 'यदि वा न वेद', किंवा त्यालाही नसेल. तिथे मालकालाच हिशेबाचा पत्ता नाही.

ताळेबंद:

मालकालाच पत्ता नाही, असे क्लायंट माझ्याकडे आहेत, सर.

रात्री मुलीला सांगितलं: कर्ता ईश्वर मानत नाही म्हणून निरीश्वरवादी, पण नाहीच अशी सही करणार नाही म्हणून अज्ञेयवादी, अज्ञात-वाली, अज्ञेय-वाली नव्हे, जग आहे तसं आहे म्हणून वास्तववादी. ती म्हणाली, ही फसवणूक आहे, मी एकच निवड म्हटलं होतं. मग म्हणाली, "आणि खिडकी?" म्हटलं, ती कशात बसत नाही, तू येऊन बघ हवं तर.

सव्वापाच ऐकल्यावर तिचा रस संपला.